आधी दिसतं की आधी वाटतं? (डोळे, मेंदू आणि भावना)

भिंगरी

खूप दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. दोरी आणि सापाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, अंधारात दोरी दिसली साप वाटला वगैरे, भ्रमाचा दाखला म्हणून ठीकच आहे तो, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट छळते. साप आहे असं वाटायच्या आधीच पाय मागे आलेला असतो. म्हणजे मला अजून नीट दिसलेलं नाहीये, काय आहे ते कळलेलं नाहीये आणि शरीर निर्णय घेऊन मोकळं. मग घाबरलं कोण? आणि कशाला?

यावर थोडं वाचलं तर सगळीकडे तीच गोष्ट, मेंदूत दोन रस्ते असतात, एक लांबचा विचार करणारा आणि एक शॉर्टकट, शॉर्टकट थेट अमिग्डालाकडे जातो आणि अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र. इतकं सोपं असेल यावर माझा विश्वास बसत नाहीये. शिवाय त्याच लेखांत पुढे असतं की मेंदूला मिळणारी ९०% माहिती डोळ्यांतून येते आणि चित्र मजकुरापेक्षा ६०,००० पट वेगाने समजतं. हे कोणी मोजलं, कसं मोजलं? जाणकारांनी लिहावं. आणि प्लीज 'सगळे मनाचे खेळ' असं एका ओळीत टाकून कोणी पळू नका.

शेवटचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो. बाकी सगळे मनाचे खेळ.

(पळालो)

निशाचर

आधी ते आकडे निकालात काढू. ६०,००० पट हा आकडा मार्केटिंगच्या प्रेझेंटेशनमधून एकमेकांच्या तोंडून फिरतोय, मागे मागे शोधत गेलं की शेवटी हाताला एकही प्रयोग लागत नाही. ९०% चं पण तेच. आणि मुळात 'समजणं' कशाला म्हणायचं हे न ठरवता किती पट ते कसं काढणार? एका फोटोतला माणूस ओळखायचा की त्या फोटोत काय चाललंय ते सांगायचं, दोन्हीला लागणारा वेळ वेगळा.

खरोखर मोजलेली गोष्ट हवी असेल तर १९९६ चा थॉर्प आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. आधी कधीही न पाहिलेला फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवायचा आणि विचारायचं, यात प्राणी आहे की नाही. लोक बहुतेक वेळा बरोबर सांगतात, आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये प्राणी असलेल्या आणि नसलेल्या फोटोंचा फरक साधारण १५० मिलिसेकंदांत दिसायला लागतो. म्हणजे 'विचार करणारा लांबचा रस्ता' म्हणतात तो पण काही बैलगाडीचा नाहीये. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रस्ता. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींच्या घरात, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १०-१२ लाख. म्हणजे काटछाट डोळ्यातच सुरू होते, काय पुढे पाठवायचं काय नाही हे रेटिना ठरवून टाकतो. एकसारखा उजेड असलेला भाग त्याला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कडा आणि बदल महत्त्वाचे. तिथून थॅलॅमसमधलं (मेंदूच्या मधोमध असलेला, निरोप पुढे पाठवणारा भाग) एक ठाणं, त्याला एलजीएन म्हणतात, आणि मग डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला व्ही-वन, म्हणजे मेंदूच्या सालीतला नजरेचा पहिला भाग. व्ही-वनमधल्या पेशींचं काम ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरांवर केलं, १९५९ मध्ये पहिला पेपर आला. त्याची गंमत अशी की ते मांजराला काचेच्या स्लाइडवरचे ठिपके दाखवत होते, पेशी ढिम्म. आणि मग स्लाइड आत सरकवताना पेशी तडतडायला लागली. ठिपक्याशी तिला काही घेणंच नव्हतं, स्लाइडच्या काठाची जी बारीक सावली पडद्यावरून सरकत होती त्या तिरप्या रेघेला ती उत्तर देत होती. ठरावीक कोनातली रेघ आली की बोलायचं, नाहीतर गप्प. १९८१ ला दोघांना नोबेल, त्या वर्षीचं अर्धं नोबेल रॉजर स्पेरीला होतं मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामाबद्दल. (त्याच्या कामाचा पुढे 'डाव्या मेंदूची माणसं उजव्या मेंदूची माणसं' असा चिवडा झाला तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

पुढचं उद्या, झोप आली.

खारीचा_वाटा

निशाचर यांनी नोकरी बदलून टायपिंगची घ्यावी. मस्त लिहिलंय.

एक भर घालते. वरचं वाचून असं वाटेल की माहिती डोळ्यातून निघते आणि एकाच दिशेने वर वर जात राहते. तसं नाहीये. एलजीएनमधल्या ज्या पेशी पुढे निरोप पाठवतात त्यांच्यावर येणाऱ्या जोडण्यांपैकी डोळ्यातून आलेल्या साधारण १०% किंवा त्याहून कमी असतात. बाकीच्या? मोठा वाटा वरून खाली येणारा, म्हणजे कॉर्टेक्सकडून (मेंदूची बाहेरची साल, व्ही-वन तिचाच भाग), आणि काही मेंदूच्या बुंध्याकडून, जागं आहात की पेंगताय, लक्ष आहे की नाही वगैरे. म्हणजे दिसण्याच्या दुसऱ्याच पायरीवर मेंदूचा स्वतःचा अंदाज येऊन बसलेला असतो. हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ १९ व्या शतकातच म्हणून गेला होता की बघणं म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष आहे.

घरी करून बघायचं असेल तर आरशासमोर उभं राहून आधी डाव्या डोळ्याकडे बघा मग उजव्या, परत डाव्या. स्वतःचे डोळे हलताना एकदाही दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतात. डोळा उडी मारतो तेव्हा मेंदू मधलं सगळं कापून टाकतो, आणि अशा उड्या आपण सेकंदाला साधारण तीन मारतो, दिवसभर. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात करून बघितलं तर हालचाल दिसते कारण कॅमेरा किंचित उशिराने दाखवतो, तोवर आपली उडी संपलेली असते.

मधली_सुट्टी

आत्ता बाथरूममध्ये जाऊन बघितलं. भीतीदायक आहे हे. बायको विचारतेय काय करतोयस.

अर्धवट

सगळं भारी आहे पण ताईंचा प्रश्न राहिला बाजूला. रेघा कडा उड्या ठीक. भीती कुठून आली? आधी दिसतं की आधी वाटतं, हो-नाही मध्ये उत्तर द्या, काथ्याकूट पुरे.

निशाचर

@अर्धवट, हो-नाही मध्ये उत्तर नाहीये म्हणूनच काथ्याकूट चाललाय.

दोन रस्त्यांची गोष्ट जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञाच्या कामातून आली. पण मूळ प्रयोग उंदरांवर आणि आवाजावर होते, नजरेवर नाही. एक आवाज ऐकवायचा, मागोमाग पायाला सौम्य शॉक, काही वेळाने नुसत्या आवाजाने उंदीर थिजतो. ऐकण्याचा कॉर्टेक्स काढून टाकला तरी ते थिजणं शिकता येतं, म्हणजे थॅलॅमसमधून अमिग्डालाकडे सरळ वाट आहे. इथपर्यंत पक्कं. मग ती गोष्ट उचलून माणसाच्या डोळ्यांना लावली गेली: सुपिरिअर कोलिक्युलस (मेंदूच्या बुंध्यावरचं एक ठाणं), तिथून पल्विनार (थॅलॅमसचाच भाग), तिथून अमिग्डाला, कॉर्टेक्सला वळसा घालून.

माणसांत याचा पुरावा कुठून आला तर ब्लाइंडसाइटमधून. व्ही-वन खराब झालेल्या माणसाला त्या भागातलं काहीच 'दिसत' नाही, तो शपथेवर सांगेल दिसत नाही. पण अंदाजाने बोट दाखव म्हटलं की चूक-बरोबरच्या योगायोगापेक्षा खूपच जास्त वेळा बरोबर दाखवतो. वाइसक्रँट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डीबी या पेशंटबद्दल हे लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. २००८ चा टीएन नावाने ओळखला जाणारा पेशंट तर दोन्हीकडचा व्ही-वन गेलेला, काठीशिवाय कॉरिडॉरमधून चालायला लावला, वाटेत खोकी वगैरे ठेवलेली, पठ्ठ्या एकालाही न धडकता गेला आणि आपण काही चुकवलं हे त्याला माहीत पण नव्हतं. आणि याच प्रकारच्या काही पेशंट्सना न दिसणाऱ्या चेहऱ्यावरचा राग की भीती हे अंदाजाने सांगता येतं. तर काहीतरी आडवाट आहे.

पण, आणि हा पण मोठा आहे. ही आडवाट धडधाकट माणसात रोज वापरली जाते का आणि ती खरंच जास्त वेगवान आहे का यावर भांडण आहे. २०१० मध्ये पेसोआ आणि अॅडॉल्फ्स यांनी लिहिलं की कॉर्टेक्समधूनच इतक्या वाटा अमिग्डालाकडे जातात की दोनच रस्ते म्हणणं चूक, आणि कॉर्टेक्स मुळात संथ नाही (वर १५० मिलिसेकंद लिहिलंय ते आठवा). मग २०१६ मध्ये अपस्माराच्या पेशंट्सच्या अमिग्डालात आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून मोजमाप आलं, घाबरलेल्या चेहऱ्याला, तोही धूसर करून दाखवलेल्या, ७४ मिलिसेकंदांत प्रतिसाद. म्हणजे शॉर्टकटवाल्यांचा परत एक गुण. सामना चालू आहे.

माझं मत विचाराल तर रस्ते दोन नाहीत, पाटाच्या पाण्यासारखं आहे, मुख्य पाटातून दहा ठिकाणी फाटे फुटतात आणि थोडं थोडं पाणी सगळीकडे वेगवेगळ्या वेळी पोचतं. अमिग्डालाला पहिल्या फाट्यातून धूसर काहीतरी मिळतं, मग जरा बरं, मग स्पष्ट. आधी-नंतर असा एक क्षण नाहीये.

भिंगरी

हे आवडलं. पण मग 'अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र' हे तरी खरं का?

खारीचा_वाटा

नाही, निदान तसंच्या तसं नाही. यासाठी एसएम नावाने प्रसिद्ध असलेल्या बाईंची केस वाचायला हवी. उरबाख-विथे नावाचा अतिशय दुर्मिळ आनुवंशिक आजार, त्यात दोन्हीकडचा अमिग्डाला गेलेला. १९९४ मध्ये अॅडॉल्फ्स आणि मंडळींनी दाखवलं की त्यांना चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, आनंद वगैरे ओळखतात. साप कोळी भुताटकीची जागा, कशालाच घाबरत नाहीत, उलट हात लावायला पुढे जातात. सगळे म्हणाले बघा, अमिग्डाला गेला भीती गेली.

मग दोन धक्के बसले. पहिला २००५ मध्ये. कळलं की त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. भीती चेहऱ्यावर मुख्यतः डोळ्यांत दिसते, विस्फारलेले डोळे, आणि यांची नजर तिकडे आपोआप वळत नाही. 'डोळ्यांकडे बघा' असं सांगितल्यावर त्यांना भीती ओळखता आली! सूचना द्यायची बंद केली की परत येरे माझ्या मागल्या. म्हणजे अमिग्डालाचं एक काम भीती 'वाटण्याचं' नसून बघायचं कुठे ते ठरवण्याचं आहे. नजर भावनेच्या आधी नाही आणि नंतरही नाही, भावनेची यंत्रणाच नजर फिरवतेय.

दुसरा धक्का २०१३ चा. त्यांना ३५% कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एक श्वासभर हुंगायला दिली आणि त्यांना चक्क पॅनिक अटॅक आला, आयुष्यात नव्हती वाटली एवढी भीती. म्हणजे बाहेरून, डोळ्यांतून येणाऱ्या धोक्याला अमिग्डाला लागतो, शरीराच्या आतून गुदमरण्याची जी भीती येते तिला तो नसला तरी चालतं.

लेडू स्वतः आता सांगत असतात की मी ज्याचा अभ्यास केला ती धोक्याला प्रतिसाद देणारी यंत्रणा आहे, तिला भीती म्हणू नका, जाणवणारी भीती हे वेगळं प्रकरण आहे. पण लेख लिहिणाऱ्यांना केंद्र हवं असतं. केंद्र असलं की चित्र काढता येतं, बाण दाखवता येतो.

अर्धवट

म्हणजे पाय मागे घेणारा वेगळा आणि घाबरणारा वेगळा. बरं. हे जरा पटतंय. तरी हो-नाही मिळालंच नाही.

पानगळ

इथे बहुतेक वाचनमात्रच असते पण आज लिहिते कारण विषय माझ्या अगदी जवळचा आहे. मला चेहरे ओळखता येत नाहीत. अपघात वगैरे काही नाही, जन्मापासूनच असावं. माणूस चालतो कसा, केस कसे आहेत, आवाज, यावर मी आयुष्य काढलंय. केस कापून आलेली मैत्रीण समोरून गेली तरी मी सरळ पुढे निघून जाते आणि मग लोक म्हणतात हिला शिंगं फुटली. पण समोरच्या चेहऱ्यावर राग आहे की नाराजी आहे की खोटं हसतोय ते मला लख्ख कळतं, कदाचित इतरांपेक्षा जास्तच. म्हणजे हा माणूस माझ्यावर चिडलाय हे कळतं, हा माणूस कोण आहे हे कळत नाही! सिनेमा बघताना तर विचारूच नका, दोन गोऱ्या गोमट्या दाढीवाल्यांत कोण हिरो कोण व्हिलन, नवऱ्याला दर दहा मिनिटांनी कोपराने ढोसावं लागतं. याला काही स्पष्टीकरण आहे का?

शेवटचा_बाक

ढोसण्याबद्दल नवऱ्याचा प्रतिसाद वाचायला आवडेल.

निशाचर

@पानगळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, नाव १९४७ मध्ये जर्मन डॉक्टर बोडामर यांनी दिलं, डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवरून. तुमच्यासारखा जन्मजात प्रकार तेवढा दुर्मिळ नाहीये, अंदाज साधारण २% लोकांचा आहे आणि त्यातल्या अनेकांना आपल्याला असं काही आहे हे माहीतच नसतं. ऑलिव्हर सॅक्स, मेंदूच्या पेशंट्सवर इतकं लिहिणारा माणूस, त्याला स्वतःला होतं.

आणि ओळख आणि हावभाव वेगळे पडणं हे तुम्हाला वाटतं तितकं विचित्र नाही. मेंदूच्या खालच्या बाजूला फ्युजिफॉर्म नावाची वळी आहे, त्यातला एक भाग चेहऱ्यांना खास प्रतिसाद देतो, नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७ मध्ये त्याला नाव दिलं. तो ओळखीकडे जास्त झुकलेला. नजर, ओठ, हलणारे हावभाव यासाठी कानामागे वरच्या खाचेतला भाग जास्त कामाचा. अगदी भिंत नाहीये दोघांत पण कल वेगळा आहे.

आता खरी मजा. प्रोसोपॅग्नोसियाच्या काही पेशंट्सना जवळच्या माणसाचा फोटो दाखवला तर ते म्हणतात ओळखत नाही, पण तळहाताचा घाम मोजला तर तो वाढतो. बावर नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये हे मोजलं. डोकं नाही म्हणतंय, कातडी हो म्हणतेय.

आणि याच्या बरोबर उलट काय असेल? ओळख पटते, आई आहे हे दिसतं, पण कातडी गप्प. तर असेही पेशंट आहेत, कापग्रा भ्रम. १९२३ मध्ये फ्रेंच डॉक्टर कापग्रा यांनी लिहिलेली केस. माणूस म्हणतो ही बाई दिसते हुबेहूब माझ्या आईसारखी पण ही आई नाही, कोणीतरी तोतया आहे. एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये तर्क मांडला की हा प्रोसोपॅग्नोसियाचा आरसा आहे, चेहरा ओळखणारी यंत्रणा शाबूत, आपलेपणाची ऊब आणणारी तुटलेली. मग घाम मोजला, आणि खरंच ओळखीच्या चेहऱ्यांना वाढतच नव्हता. रामचंद्रन आणि हर्स्टीन यांच्या १९९७ च्या पेशंटमध्ये तर आईवडील समोर आले की तोतये, आणि फोनवर बोलले की खरे! आवाजाची वाट शाबूत होती.

म्हणून मला आधी-नंतरचा प्रश्नच कमी महत्त्वाचा वाटायला लागलाय. आपण आईला बघतो तेव्हा 'ही आई' आणि 'आपली वाटणं' या दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या गोष्टी आहेत. त्या इतक्या एकदम येतात की आपल्याला त्या एकच वाटतात. एक तुटते तेव्हाच कळतं दोन होत्या.

खारीचा_वाटा

फक्त ऊब तुटली की तोतया वाटायला लागतो असंही सरळ नाहीये. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेल्या काही लोकांची कातडी पण ओळखीच्या चेहऱ्यांना गप्प असते आणि ते कोणाला तोतया म्हणत नाहीत. म्हणजे 'काहीतरी चुकतंय' ही जाणीव आणि 'छे काहीतरीच काय' असं म्हणून ती झटकणारी यंत्रणा, दोन्ही बिघडावं लागतं.

पानगळ

हे वाचून अंगावर काटा आला. त्या माणसापेक्षा मी बरी, मला निदान सगळेच सारखे अनोळखी.

मधली_सुट्टी

माझी उलटी तऱ्हा. डोळे मिटून घोडा आणा डोळ्यांसमोर म्हणाल तर माझ्यासमोर काळोख. घोडा म्हणजे काय ते माहितेय पण चित्र नाही, कधीच नाही. मला वाटायचं लोक 'डोळ्यांसमोर आलं' हे उगाच म्हणण्यापुरतं म्हणतात. याचा भावनांशी संबंध असेल का? कारण भयकथा वाचून मी कधीच टरकत नाही, लोक काय इतकं घाबरतात कळत नाही, सिनेमा बघून मात्र व्यवस्थित टरकतो.

निशाचर

तुम्ही तर चालताबोलता प्रयोग आहात! अफँटेशिया. नाव २०१५ मध्ये अॅडम झेमन यांनी दिलं, पण गाल्टनने १८८० मध्येच लोकांना 'सकाळच्या नाश्त्याच्या टेबलाचं चित्र आठवा' असं विचारून नोंदवलं होतं की काहींना काहीच दिसत नाही. आणि २०२१ मध्ये नेमकं तुम्ही म्हणताय तेच तपासलं गेलं. अंधाऱ्या खोलीत लोकांना भीतीदायक प्रसंगांचा मजकूर पडद्यावर वाचायला दिला, शार्क वगैरे, आणि कातडीची वीजवाहकता मोजली (घाम आला की ती वाढते). बाकीच्यांची गोष्ट पुढे जाईल तशी चढत गेली, अफँटेशियावाल्यांची जवळपास सपाट. मग भीतीदायक फोटो दाखवले तर दोघांचीही सारखीच चढली. म्हणजे भावना कमी नाहीत, शब्दांपासून भावनेपर्यंत जायचा मोठा रस्ता मनातल्या चित्रावरून जातो आणि तुमच्याकडे तो पूल नाही.

मधली_सुट्टी

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली तरीच. काय तरीच ते सांगितलं नाही.

भिंगरी

काय एकेक लोक आहेत या धाग्यावर, मी काढला तेव्हा वाटलं दोन प्रतिसाद येतील. आता एक व्यवहारातलं विचारते. अपघाताचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकतं, न सांगता, आणि एकदा दिसला की आठवडाभर तेच तेच डोळ्यांसमोर येत राहतं. वाचलेली बातमी अशी चिकटत नाही. यावर काही?

खारीचा_वाटा

आधी त्या ग्रुपमधून बाहेर पडा, हा वैद्यकीय नसलेला सल्ला.

भावना तीव्र असली की आठवण घट्ट बसते हे खरं आहे आणि त्यात अॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा हात आहे. केहिल आणि मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये लोकांना स्लाइड्ससोबत एक गोष्ट सांगितली, त्यात मुलाला अपघात होतो. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे अॅड्रिनलिनचा परिणाम अडवणारं औषध, दिलं होतं. त्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवला पण अपघाताच्या भागाला जो जास्तीचा उठाव मिळतो तो मिळाला नाही.

तुम्हाला हवंय ते बहुतेक एमिली होम्स यांचं काम. २००९ मध्ये त्यांनी लोकांना अपघातांची फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस खेळायला दिलं. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात अचानक डोळ्यांसमोर येणारी दृश्यं कमी आली, पण फिल्ममध्ये काय होतं हे विचारलं तर तितकंच आठवत होतं. तर्क असा की ठोकळे फिरवून बसवायला मनातल्या चित्रांचीच जागा लागते, ती जागा अडवली की दृश्य तितकं घट्ट रुजत नाही. अर्थात हे प्रयोगशाळेतलं, खरा आघात झालेल्या माणसाला गेम हातात देऊन वाटेला लावू नका, त्याला नीट उपचार लागतात.

आणि घट्ट म्हणजे अचूक नव्हे बरं का. १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कशी कळली, आणि अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं. बऱ्याच जणांची गोष्ट साफ बदललेली, आणि खात्री मात्र ठाम. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी 'मला तर असंच आठवतंय'.

अर्धवट

मी एक काडी टाकतो. पानगळ ताई म्हणाल्या चेहऱ्यावरची भावना लख्ख कळते. मला वाटतं कोणालाच तितकी कळत नाही, आजूबाजूचं बघून आपण ती चेहऱ्यावर चिकटवतो. २०१२ चा एक प्रयोग आहे, टेनिस खेळाडूंनी मोठा पॉइंट जिंकला किंवा हरला त्या क्षणाचे फोटो. नुसता चेहरा कापून दाखवला तर लोकांना जिंकलाय की हरलाय सांगताच येईना. चेहरा पुसून नुसतं शरीर दाखवलं तर येत होतं. आणि कहर म्हणजे जिंकलेल्या शरीरावर हरलेला चेहरा लावला तर लोकांना त्या चेहऱ्यावरच आनंद 'दिसला'. मानसशास्त्रज्ञ एकमन साहेबांच्या सहा मूळ भावना आणि त्यांचे सहा ठरलेले चेहरे, हे फोटोसाठी पोज दिलेल्या नटांचं झालं.

पानगळ

@अर्धवट, असेल. पण नवऱ्याचा चेहरा मला वीस वर्षं वाचता येतोय, शरीर सोफ्याच्या आड असलं तरी.

निशाचर

अर्धवट यांच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आहेत, २०१९ मध्ये त्यांनी इतरांबरोबर मिळून भला मोठा आढावा लिहिला की चेहऱ्याच्या हालचालीवरून आतली भावना खात्रीने सांगता येत नाही, रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालेलच असं नाही आणि आठ्या म्हणजे राग असंही नाही. कॅमेऱ्यावरून उमेदवाराची भावना ओळखतो म्हणणारी सॉफ्टवेअर विकली जातात त्यांनी हे वाचायला हवं.

पण अगदीच सगळं चिकटवलेलं असतं तर जन्मांध लोकांचं काय? त्यांनी एकही चेहरा पाहिलेला नाही, नक्कल करायचा प्रश्नच नाही. २००४ च्या पॅरालिम्पिकमधले ज्युदोचे खेळाडू, जन्मांध, नंतर दृष्टी गेलेले असे, आणि त्याच वर्षीचे ऑलिम्पिकमधले डोळस, सामना संपल्यावर आणि पदक घेताना त्यांचे चेहरे टिपले. हालचाली जवळपास सारख्या. रौप्यपदकवाल्याचं ते ओढूनताणून, डोळ्यांपर्यंत न पोचणारं हसू सुद्धा सारखं.

अर्धवट

ते चेहरा करण्याबद्दल झालं. मी वाचण्याबद्दल बोलतोय.

निशाचर

मान्य, दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. वाचायला शिकावं लागतं का हे बघायचं तर मोठेपणी दृष्टी मिळालेल्यांकडे बघावं लागेल. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांची ऑपरेशनं झाली, त्यातल्या काहींना २०११ च्या अभ्यासात हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायला सांगितली. पट्टी निघाल्यावर लगेच जवळजवळ जमलंच नाही, अंदाजपंचे. आणि मग ज्यांना परत तपासता आलं त्यांना काही दिवसांत जमायला लागलं, मुद्दाम शिकवल्याशिवाय. हे साध्या ठोकळ्यांबद्दल. चेहऱ्यांचं वेगळं आहे, लहान वयात ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये सुद्धा चेहरे नेमके ओळखण्यात मोठेपणी उणीव राहिलेली दिसते.

खारीचा_वाटा

ती उणीव ओळखीत. हावभाव वाचण्यात तेवढी नाही असं मी वाचलंय, म्हणजे परत पानगळ यांच्याच गल्लीत आलो की आपण.

अर्धवट

यावर सविस्तर लिहितो, जेवून आलो की. कोणी धागा बंद करू नका.